नवा फ्रीज गार होईना? मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं बघा

पाडव्याला फ्रीज घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजायला लागतो. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं फ्रीज-वॉशिंग मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, काल नवाकोरा फ्रीज आणलाय, लाईट लागतीय, पण गार होईना." त्यावर मी जो पहिला प्रश्न विचारतो तो लोकांना भलताच वाटतो. "टेम्पोतनं आणताना उभा आणला का आडवा?"

अशा फोनांपैकी बहुतेक ठिकाणी फ्रीज बिघडलेला नसतोच. कुठं घाई झालेली असते, कुठं भलतंच बटण दाबलेलं असतं, कुठं सॉकेट ढिला असतो. पहिल्यांदाच फ्रीज घेणाऱ्यांसाठी, विशेषतः नोकरी-शिक्षणासाठी नव्यानं खोली करून राहिलेल्यांसाठी, हे लिहितोय. सांगतोय त्याच क्रमानं बघत जा, कारण सुरुवातीच्या पायऱ्यांना पैसा लागत नाही आणि पान्हाही लागत नाही. नव्या फ्रीजचा एकही स्क्रू मात्र स्वतः खोलू नका आणि माझ्यासारख्याकडूनही खोलून घेऊ नका. का ते पुढं येईलच.

तुमचा फ्रीज कुठल्या जातीचा

हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं अर्धं डोक्यावरून जाईल. एकच दार, ते उघडलं की वर बर्फाचं खोकं आणि त्याला आणखी एक छोटी झडप, असा असेल तर तो डायरेक्ट कूल. त्यात बर्फाचं खोकं हेच गार होणारं यंत्र. तिथली गार हवा जड म्हणून आपोआप खाली उतरते आणि खालचे कप्पे गार करते. पंखा नाही, काही नाही. दोन दारं, फ्रीजर वेगळा आणि बर्फ काढायची भानगड नाही, असा असेल तर फ्रॉस्ट फ्री. त्यात गार होणारी कॉइल मागच्या भिंतीआड लपवलेली असते आणि पंखा ती हवा ढकलून सगळीकडं पोचवतो. पहिल्याला हवा उतरायला वाट लागते, दुसऱ्याला पंख्याची झरोकी मोकळी लागतात. तक्रार एकच, पण कारणं वेगळी.

पायरी पहिली: थांबा

ही पायरी कोणालाच आवडत नाही. चाळीस हजार मोजलेत, घरी पाहुणे आलेत आणि मी म्हणतोय थांबा.

फ्रीजच्या मागं खाली असलेला, आतला गॅस दाबून नळ्यांत फिरवणारा पंप म्हणजे कॉम्प्रेसर. त्याच्या पोटात थोडं तेल असतं. फ्रीज उभा असताना ते तळाशी बसून मोटरला वंगण देतं. पेठेतल्या बोळात मोठी गाडी शिरत नाही, मग फ्रीज छोट्या टेम्पोत आडवा घालून आणतात, कधी जिन्यात वळण बसेना म्हणून तिरका करतात. आडवा झाला की ते तेल पाइपांत शिरतं. लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि बारीक नळीत तेल अडकून गारवा अडतो. म्हणून आडवा आला असेल तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ तरी उभा ठेवून मगच प्लग लावा. सांगली-कोल्हापूरइतका प्रवास असेल तर काही तास पुरतात. लांबून, रात्रभराच्या गाडीतून आडवा आला असेल तर चोवीस तास ठेवा. उभाच आणला असला तरी दोन-तीन तास विसावू द्या. माहितीपुस्तिकेत वेळ छापलेली असेल तर माझ्यापेक्षा तिचं ऐका.

चालू केल्यावर रिकामाच चालवा. तासाभरात फ्रीजरच्या पत्र्याला बोट लावलं तर गार लागायला हवं. बर्फाचा ट्रे पहिल्या दिवशी चार-पाच तासही घेईल. खालचे कप्पे नेमक्या गारव्याला यायला मात्र बारा ते चोवीस तास लागतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात चोवीस तासच धरा. प्लॅस्टिक, काचेचे कप्पे, दारातले रॅक, भिंतीतला फोम, हे सगळं आधी खोलीइतकं गरम असतं. ते उतरल्याशिवाय हवा गार राहत नाही.

मंगळवार पेठेतल्या एका काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "मी तर दर दहा मिनिटाला दार उघडून बघतो की, जरा पण फरक नाही!" (आमच्याकडं बायका 'बघते' न म्हणता 'बघतो' म्हणतात, बाहेरगावच्यांनी दचकू नये.) त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही बघायचं थांबलात की तो गार होईल. दार उघडलं की गार हवा पायाशी सांडते आणि स्वयंपाकघरातली गरम हवा आत जाते. दुसऱ्या दिवशी काकूंनी फोन केला नाही. म्हणजे झाला असणार.

पहिल्याच दिवशी भरायची हौसही आवरा. हिशोबच सांगतो. दहा लिटर पाणी, म्हणजे बाटल्या, दूध, कालची आमटी, सगळं मिळून, ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर सुमारे १०४५ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. फ्रीज सेकंदाला १०० ज्यूल उष्णता ओढतोय असं धरा, तरी नुसत्या त्या पाण्याला जवळजवळ तीन तास. त्यात रश्श्याचं पातेलं कोमट असतानाच ठेवलं तर बघायलाच नको. पहिले बारा तास रिकामा, मग थोडं थोडं.

पायरी दुसरी: वीज खरंच पोचतेय का

आतला दिवा लागतो म्हणजे वीज आली, इथंच सगळे फसतात. दिव्याला चिमूटभर वीज पुरते. कॉम्प्रेसरला सुरू होताना दणका लागतो.

सॉकेट तपासायला लोक मोबाईलचा चार्जर लावून बघतात. तो चालला की "सॉकेट ओके" म्हणतात. चार्जरवर नीट बघा, बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी तो चालणार. त्याऐवजी मिक्सर किंवा इस्त्री लावा. मिक्सर रडका आवाज काढतोय, इस्त्री उशिरा तापतेय, तर दोष सॉकेटात किंवा लाईनीत. प्लग हलवला की ठिणगीचा चरचर आवाज येत असेल तर सॉकेटच बदला, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीज लावू नका, त्यातही टीव्ही आणि वायफायसोबत तर नकोच. तीन पिनी सॉकेट, चालू अर्थिंग आणि फ्रीजला स्वतःचा एकट्याचा प्लग, एवढं घरात पाहिजे.

आता टिक-टिकची गोष्ट, कारण हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. फ्रीजच्या मागं कान लावा. 'घूं…' असा आवाज काही सेकंद येतो, मग 'टिक', मग शांतता. काही मिनिटांनी पुन्हा घूं, टिक, शांतता. म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, पण फिरेना. न फिरता वीज ओढली की मोटर तापते, आणि ती जळू नये म्हणून बाजूचं ओव्हरलोड नावाचं संरक्षण वीज तोडतं. तो टिक त्याचा. असं तासन्‌तास चालू राहिलं तर नवा कॉम्प्रेसरसुद्धा जायचा, म्हणून टिक ऐकू आला की आधी प्लग काढा आणि मग विचार करा.

नव्या फ्रीजमध्ये याचं मुख्य कारण कमी व्होल्टेज. आपल्याकडं घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. पण सकाळी नळाला पाणी सुटलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम लागतात, आणि करवीर-कागलकडच्या गावांत शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. घरात स्टॅबिलायझर असेल तर त्याच्या आकड्यावर सकाळ, दुपार, रात्र नजर ठेवा. फ्रीज किती ते किती व्होल्टवर चालतो ते पुस्तिकेत छापलेलं असतं. त्याखाली आकडा वारंवार जात असेल तर फ्रीजला दोष देऊन उपयोग नाही, स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाले, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर असलेले, बरेच फ्रीज स्टॅबिलायझरशिवाय चालतात असं कंपन्या सांगतात, तेही ठरावीक व्होल्टेजच्या हद्दीतच.

स्टॅबिलायझर असलेल्यांनी आणखी एक जाणून घ्यावं. लाईट गेली आणि आली की तो लगेच वीज सोडत नाही, तीन-चार मिनिटं थांबवतो. ते बरोबरच आहे. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडं सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. आधीच चालू केलं तर भरलेल्या दाबाविरुद्ध मोटर ढकलत बसते, आणि पुन्हा टिक. म्हणजे जो माणूस "बघू तरी" म्हणत मिनिटा-मिनिटाला बटण बंद-चालू करतो, तोच बिघाड तयार करत असतो. बंद केलात तर पाच मिनिटं हात लावू नका.

पायरी तिसरी: बटणं आणि खुंट्या

सगळ्यात लाजिरवाणी कारणं इथं सापडतात, माझ्यासकट.

डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये गारव्याची गोल खुंटी असते, तिच्यावर १ ते ७ असे आकडे किंवा कमी-मध्यम-जास्त. आकडा वाढला की गारवा वाढतो. अनेकांना उलटं वाटतं, आकडा म्हणजे अंश असं समजून ते १ वर ठेवतात आणि वाट बघत बसतात. मधल्या आकड्यावर ठेवून सुरुवात करा.

त्या खुंटीच्या मध्यभागी बहुतेक मॉडेलांत एक छोटं, बरेचदा लाल, बटण असतं. ते बर्फ वितळवायचं बटण. ते दाबलं की कॉम्प्रेसर बंद पडतो आणि बर्फाचं खोकं पुरेसं गरम झाल्याशिवाय चालू होत नाही. दुकानदारानं दाखवताना दाबलं, पोरानं खेळताना दाबलं, टेम्पोत थर्मोकोलनं दाबलं, काहीही असू शकतं. माझ्या बहिणीकडं तिच्या पाच वर्षांच्या मुलानं ते रोज दाबायचा उद्योग काढला होता, कारण दाबल्यावर टक्क असा छान आवाज येतो. बहिणीला वाटलं फ्रीज रोज दुपारी बंद पडतो. कॉम्प्रेसर गप्प असेल तर खुंटी पूर्ण जास्तवर फिरवा, बटण आत बसलंय का बघा आणि तासभर वाट बघा. बटण परत बाहेर आलं की कॉम्प्रेसर लागेल.

डिजिटल पाटीचे फ्रीज असतील तर डेमो मोडचा संशय आधी घ्या. शोरूममध्ये फ्रीज दिवसभर दार उघडं ठेवून दाखवायचे असतात, म्हणून कंपन्यांनी त्यांत अशी सोय दिलेली असते की दिवे लागतात, आकडे दिसतात, पण कॉम्प्रेसर चालत नाही. तुम्हाला मिळालेला फ्रीज दुकानात मांडलेला असेल, किंवा बटणं पुसताना चुकून दोन एकदम दाबली गेली असतील, तर तो त्याच अवस्थेत घरी येतो. काही मॉडेलांच्या पाटीवर तेव्हा 'ओएफ' किंवा 'ऑफ' अशी इंग्रजी अक्षरं येतात, काहींवर काहीच दिसत नाही. बाहेर पडायची पद्धत मॉडेलगणिक वेगळी. बहुतेक वेळा पाटीवरची दोन ठरावीक बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरायची असतात, ती कुठली ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला मॉडेल क्रमांक सांगा, फोनवर दोन मिनिटांत काम होतं.

मी नवा असताना राजारामपुरीत एका घरी गेलो होतो. दिवा लागतोय, पाटीवर ४ दिसतोय, कॉम्प्रेसर मेलेला. मी ऐटीत मागची पट्टी काढली, वायरी मोजल्या आणि मालकाला सांगितलं की कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेलंय, तीन-साडेतीन हजार धरा. त्यांची आठवीतली मुलगी इतका वेळ पुस्तिका वाचत कट्ट्यावर बसली होती. ती उठली, दोन बटणं दाबून धरली, पाटी चमकली आणि मागं कॉम्प्रेसर गुणगुणायला लागला. मी चहा घेतला आणि एक रुपयाही न मागता बाहेर पडलो. तेव्हापासून आधी पुस्तिका, मग पक्कड.

पाटीवरच्या त्या ४ बद्दल: बऱ्याच मॉडेलांत तो तुम्ही मागितलेला आकडा असतो, आतला खरा मोजलेला नव्हे. तो बघून समाधान मानू नका.

हल्ली 'कन्व्हर्टिबल' फ्रीज फार खपतात. फ्रीजरचा कप्पा बटणावर साधा फ्रीज होतो, किंवा दोन्हींपैकी एक भाग पूर्ण बंद ठेवता येतो, किंवा सुट्टीवर जाताना वापरायचा वेगळा मोड असतो. "सगळं चांगलं आहे, फक्त बर्फ होईना" अशी तक्रार असेल तर फ्रीजर फ्रीजमध्ये बदललेला आहे का ते पहिल्यांदा बघा. बटणं दाबूनही काही होत नसेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असेल, कुलपाचं चित्र असलेलं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा.

पायरी चौथी: जागा

जुन्या फ्रीजला मागं काळी जाळी दिसायची. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडायची. नव्यांत ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. म्हणून नव्या फ्रीजच्या दोन्ही बाजू गरम लागतात, पहिल्या दिवशी तर चांगल्याच. घाबरू नका. ती आतली उष्णता बाहेर चाललीय, म्हणजे यंत्र कामाला लागलंय. उलट कॉम्प्रेसर तासभर चालूनही बाजू गारगोटीसारख्या थंड राहिल्या तर ते वाईट लक्षण, त्याकडं पुढं येतो.

उष्णता बाहेर जायला हवा लागते. मागं साधारण १० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना चार-पाच बोटं जागा सोडा. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. आपल्याकडं फ्रीज घरात आला की त्याला आधी कपडे घालतात: वर खिशांचं कव्हर, बाजूला झालर, कधी अख्खं प्लॅस्टिक. बाजूंवरचं सगळं काढा. गॅसच्या शेगडीला खेटून किंवा दुपारच्या उन्हात ठेवू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकडच्या काही घरांत फ्रीजसाठी उंच सिमेंटचा कट्टा बांधलेला मी बघितलाय. उंची बरोबर, पण एका गिऱ्हाइकानं कट्ट्याच्या तिन्ही बाजूंनी भिंतीही उभ्या केल्या होत्या, फ्रीज अगदी फडताळात बसवल्यासारखा. नवा फ्रीज संध्याकाळपर्यंत कसाबसा गार व्हायचा. एका बाजूची भिंत पाडल्यावर दोन दिवसांत सुरळीत झाला.

पायरी पाचवी: दार

पॅकिंगमध्ये दाराचं रबर दाबून दुमडलेलं असतं. पूर्ण चौकट बोटानं चाचपा, कुठं आत वळलेलं आहे का. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर रबर धरतंय, सुळ्ळकन आली तर तिथून गारवा गळतोय. वर, खाली, बिजागरीकडं, सगळीकडं करून बघा. दुमडलेल्या जागी कोमट पाण्यात पिळलेला फडका दहा मिनिटं दाबून धरला की रबर सरळ होतं.

भाजीचा ट्रे नीट आत नसेल तर दार लागल्यासारखं वाटतं, पण लागत नाही. आणि पुढचे पाय फिरवून फ्रीज किंचित मागं कलता ठेवा, म्हणजे दार अर्धवट सोडलं तरी आपोआप मिटतं. आतल्या चिकटपट्ट्या, थर्मोकोलचे तुकडे, कप्प्यांखालची फोमची पट्टी निघालीय का हेही बघा.

पायरी सहावी: आत काय नि कसं ठेवलंय

डायरेक्ट कूलमध्ये गार हवा वरून खाली उतरते हे वर सांगितलं. मग जाळीच्या कप्प्यांवर फुलाफुलांच्या मॅट अंथरल्या, किंवा वर्तमानपत्र घातलं, की हवा वरच्याच कप्प्यात अडकते. वरचं दूध गोठतं आणि खालची कोथिंबीर सुकते. मॅट काढून टाका. फ्रॉस्ट फ्रीमध्ये मागच्या भिंतीला झरोकी असतात, त्यांच्यापुढं पिशवी टेकवू नका. फ्रीजर ठासून भरला तर पंख्याला हवाच मिळत नाही.

पायरी सातवी: मोजा

"हाताला गार लागत नाही" ही मोजणी नव्हे. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा, ऑनलाइन मिळतो, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातही मिळतो. घरातला ताप बघायचा चालणार नाही, तो एवढ्या खालचे अंश दाखवतच नाही. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी आकडा ५ च्या आत असेल तर फ्रीज ठणठणीत आहे. फ्रॉस्ट फ्रीच्या फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास अपेक्षित. एका दाराच्या फ्रीजमधलं बर्फाचं खोकं तेवढं खाली जाईलच असं नाही, तिथं बर्फ घट्ट होतोय एवढं बघा.

आकडा एका कागदावर वेळेसकट लिहून ठेवा. पुढं तक्रार करायची वेळ आली तर "गार होत नाही" यापेक्षा "चोवीस तासांनी मधल्या कप्प्यात १४ अंश" याला वजन असतं.

एवढं करूनही होईना, तर काय बिघडलंय

आता कान आणि हात वापरा, पान्हा नको.

कॉम्प्रेसर अजिबात गप्प, वीज बरोबर, डेमो मोड नाही, लाल बटण बाहेर: थर्मोस्टॅट (गारवा बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग), सेन्सर किंवा कार्ड. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर फार हळू आवाजात चालतो, म्हणून गप्प ठरवण्याआधी रात्री शांततेत मागं तळहात टेकवून कंप लागतो का बघा. तो तासन्‌तास न थांबता चालतो, तेही बिघाड नव्हे.

व्होल्टेज चांगलं असूनही घूं-टिक चालूच: रिले (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा भाग) किंवा कॉम्प्रेसर.

फ्रीजर झक्क, खालचा भाग कोमट, आणि फ्रॉस्ट फ्री आहे: पंखा फिरत नाही किंवा हवेची वाट बर्फानं बुजलीय. दार उघडल्यावर बऱ्याच मॉडेलांत पंखा मुद्दाम थांबतो, त्यामुळं दाराचा स्विच बोटानं दाबून ऐका.

कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, हात ठेववत नाही इतका गरम, पण बाजूचे पत्रे थंड, आणि डायरेक्ट कूलच्या खोक्यावर एकाच कोपऱ्यात चतकोराएवढं हिम, बाकी पत्रा कोरडा: गॅस गळलाय किंवा कॅपिलरी, म्हणजे ती केसासारखी बारीक नळी, चोक झालीय. चांगल्या फ्रीजमध्ये हिम खोक्यावर सगळीकडं सारखं धरतं.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. "गॅस संपला" असं काही नसतं. फ्रीजचा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांत वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठंतरी भोक आहे. नुसता भरून दिला तर पुन्हा जाईल. जुन्या फ्रीजला आम्ही गळती शोधून, डाग देऊन, नळ्यांतली हवा पंपानं पूर्ण ओढून मग भरतो. पण आठवड्याभराच्या फ्रीजची नळी कापून डाग द्यायचा? मला विचाराल तर मुळीच मान्य करू नका, बदलूनच मागा. शिवाय हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा आहे आणि सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला वास त्याला नसतो. प्रमाण थोडं, काही डझन ग्रॅम, मागच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तरी चाकूनं बर्फ खरवडताना नळी फुटली, तर प्लग उपसत बसू नका, खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, आणि बाहेरून मेन बंद करा.

तक्रार कशी करायची

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन, दुकानदाराला नंतर. बिल, दाराआड किंवा आतल्या भिंतीवर चिकटवलेल्या अनुक्रमांकाचा फोटो, थर्मामीटरचा फोटो, आणि घूं-टिकचा मोबाईलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तयार ठेवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. कंपनीचा माणूस आला की त्याच्या जॉबशीटवर त्यानं काय मोजलं ते लिहून घ्या, सही करण्याआधी वाचा. "आता ठीक आहे" असं छापलेलं असेल आणि फ्रीज ठीक नसेल तर सही करू नका.

वॉरंटी चालू असताना बाहेरच्या मेकॅनिकनं मागची पट्टी खोलली तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून नव्या फ्रीजसाठी फोन आला की मी वरच्या सात पायऱ्या फोनवरच करून घेतो आणि घरी जायचं टाळतो. धंद्याच्या दृष्टीनं हा गाढवपणा आहे असं आमच्या घरचे म्हणतात.

दुकानदार कंपनीकडं आणि कंपनी दुकानदाराकडं बोट दाखवत राहिली, असं माझ्या मेहुण्याचं झालं होतं, जवळजवळ दीड महिना. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर बदली फ्रीज आला. तिथंही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यानुसार तुम्ही जिथं राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे फ्रीज ऑनलाइन मागवलेला असला तरी कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

बदली फ्रीज येईपर्यंत दूध सकाळ-संध्याकाळ उकळा, लागेल तेवढंच आणा, पालेभाजी ओल्या फडक्यात गुंडाळा. रविवारचा पांढरा रस्सा उरवायच्या भानगडीत पडू नका, शेजाऱ्यांना हाक मारा. आणि बदली फ्रीजचा टेम्पो दारात आला की खाली जाऊन तो उभा आणलाय का आडवा ते स्वतः बघा.